वाचन वर्गाची शीट शनिवारी रात्री ९ पर्यंत भरा
ताई-दादांनो नमस्कार, बेळगावकडच्या येळ्ळूर, अनगोळ, खानापूर तिन्हीकडच्या वाचन वर्गांसाठी सांगतोय, शनिवारी रात्री ९ पर्यंत सगळ्यांनी आपापल्या वर्गातल्या मुलांच्या वाचन पातळीची शीट भरा, मागच्या वेळी बरेच रकाने रिकामे राहिले आणि रविवारी गट पाडताना माझा पार गोंधळ उडाला.

पातळी असरच्या (ASER, प्रथम संस्थेची मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी) चाचणीसारखीच ठरवा, ५ पैकी ४ अक्षरं आली तर अक्षर, ५ पैकी ४ शब्द आले तर शब्द, मग परिच्छेद, मग गोष्ट. नुसतं 'बरं वाचतो' लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही.

आणि मूल कुठं अडलं ते नक्की लिहा, हे सगळ्यात महत्त्वाचं. माझ्याकडची एक मुलगी चार आठवडे शब्द पातळीवरच होती, आकडा हलेना, टिपणं काढून बघितली तर दर वेळी 'चंद्र', 'प्रकाश' असल्या जोडाक्षरांवरच अडकलेली, मग रोज १० मिनिटं तेवढंच घेतलं, आता परिच्छेद वाचतीय! लई बरं वाटलं.

कन्नड माध्यमातली मुलं वेगळी नोंदवा, घरी मराठी बोलली तरी शाळेत लिपी कन्नड शिकतात, देवनागरी येत नाही म्हणजे वाचन कच्चं असं नव्हे.

गैरहजर असेल तर शून्य टाकू नका, 'गै' लिहा, शून्यानं सरासरी उगाच खाली येते. मुलांचे आकडे पालकांच्या ग्रुपवर टाकू नका प्लीज. रेंज नसेल तर वहीचा फोटो पाठवा, मी भरतो.