१९६७ चा हंगाम वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठीचा १९६७ च्या अमेरिकन लीगवरचा, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एकीवरचा, लेख काल संपादकांकडे दिला. लेखाखाली नाव माझं असेल, पण तो उभा आहे तुमच्या स्कोअरबुकांवर. हे तुम्हाला एकट्याला सांगून माझं समाधान होणार नाही, म्हणून चारचौघांसमोर हे पत्र लिहितोय.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा बॉस्टनमध्ये कुणालाही पाठ असलेली गोष्ट घेऊन आलो होतो. आदल्या वर्षी दहा संघांत नववे आलेले रेड सॉक्स, नवा कडक मॅनेजर डिक विल्यम्स, पहिल्या सामन्याला त्यांच्या घरच्या फेनवे पार्क मैदानावर जेमतेम ८,३२४ माणसं, आणि शेवटी पेनंट, म्हणजे लीगचं विजेतेपद. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "हे एकाचं झालं. शर्यतीत चौघे होते. बाकीचे तिघे कसे हरले ते आधी लिही." हे तिघे म्हणजे शिकागो व्हाइट सॉक्स, मिनेसोटा ट्विन्स आणि डेट्रॉइट टायगर्स. लेखाला दिशा मिळाली ती या एका वाक्याने.

तेव्हा प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्या, नव्हते, हे तुम्ही मला पुन्हा पुन्हा बजावलंत. १६२ सामने खेळायचे, दहा संघांत जो पहिला तो थेट वर्ल्ड सिरीजला, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेला. दुसऱ्याच्या हाती काही नाही. त्यामुळे सप्टेंबरातला आडवारचा एखादा सामनासुद्धा वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकत होता. शिकागो व्हाइट सॉक्सचं नेमकं तेच झालं. त्यांची फलंदाजी यथातथाच, पण पिचर (चेंडू टाकणारे) असे की समोरच्याला धाव काढणं मुश्कील. त्यांच्या जो हॉर्लेन या पिचरची धावसरासरी, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, २.०६, लीगमध्ये सर्वांत कमी. १० सप्टेंबरला त्याने डेट्रॉइटला एकही हिट (बेस गाठून देणारा फटका) दिली नाही. असा संघ २७ सप्टेंबरला तळाच्या कॅन्सस सिटीकडून एकाच दिवशी दोन सामने हरला. त्या दिवशी रेड सॉक्सही हरले होते, आणि तरी शर्यतीत टिकून राहिले. तुम्ही त्या पानावर लाल पेन्सिलीने चौकट केली आहे. रेड सॉक्सच्या पेनंटमध्ये कॅन्सस सिटीचाही वाटा आहे हे मी लेखात लिहिलंय, आणि ते तुमच्या त्या चौकटीमुळेच.

१८ ऑगस्टचं पान मात्र तुम्ही स्वतःहून दाखवलं नाहीत, मी उलटलं तेव्हा गप्प राहिलात. रेड सॉक्सच्या टोनी कॉनिग्लियारोच्या चेहऱ्यावर समोरच्या संघाचा पिचर जॅक हॅमिल्टनचा चेंडू बसला तो चौथ्या इनिंगमध्ये. २२ वर्षांचा पोरगा, गालाचं हाड मोडलं, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. पुढचं अख्खं वर्ष त्याला खेळता आलं नाही. त्या पानावर चौथ्या इनिंगच्या पुढचे सगळे रकाने कोरे आहेत. लेखात मी त्या पानाचा उल्लेख केलेला नाही. इथे करतोय, कारण तुमची परवानगी परवा मिळाली.

शेवटचे दोन दिवस आपण किती वेळा मांडले असतील! मिनेसोटा ट्विन्स एका सामन्याने पुढे. फेनवेवरच्या दोन सामन्यांतला एक जिंकला तर रेड सॉक्सचा विषय संपला. शनिवारी ट्विन्सचा पिचर जिम काट सुरेख पिचिंग करत होता, तिसऱ्या इनिंगमध्ये त्याचं कोपर दुखावलं आणि तो बाहेर गेला. मग रेड सॉक्सच्या कार्ल यास्त्रेम्स्कीचा तीन धावांचा होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर), आणि सामना रेड सॉक्सचा, ६-४. त्याच सामन्यात ट्विन्सच्या हार्मन किलब्रूने होम रन मारून यास्त्रेम्स्कीच्या ४४ शी बरोबरी साधली.

रविवार, १ ऑक्टोबर. पाच इनिंग संपल्या तेव्हा ट्विन्स २-० ने पुढे होते. सहाव्याच्या सुरुवातीला बॅट घेऊन आला तो रेड सॉक्सचा पिचर, जिम लॉनबर्ग. त्याने पहिल्याच चेंडूवर बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच ढकलला, तिसऱ्या बेसच्या बाजूला, आणि पळून पहिला बेस गाठला. तुमच्या वहीत त्या चौकोनात एवढीशी तिरकी रेघ आहे. तिच्या खालोखाल अडेर, जोन्स आणि यास्त्रेम्स्की यांच्या हिट. दोन धावा, बरोबरी. इनिंग संपेपर्यंत पाच धावा. सामना कुठे फिरला हे मला कुठल्याही वर्णनापेक्षा त्या रेघेने जास्त सांगितलं. ५-३. पण सामना संपला तरी पेनंट लागलेलं नव्हतं, कारण डेट्रॉइट टायगर्स अजून खेळत होते. पावसामुळे राहिलेले सामने भरून काढताना शनिवार-रविवार रोज दोन-दोन सामने त्यांच्या वाट्याला आले होते. रविवारचा दुसरा जिंकला असता तर बरोबरी झाली असती आणि निर्णायक सामना खेळावा लागला असता. रेड सॉक्सचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये रेडिओला कान लावून बसले होते आणि तुम्ही तुमच्या भाड्याच्या खोलीत. वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर फक्त तीन आकडे आहेत: ४-६-३. क्षेत्ररक्षकांच्या जागांचे हे नंबर: सेकंड बेसमनकडून शॉर्टस्टॉपकडे, तिथून फर्स्ट बेसमनकडे. टायगर्सच्या डिक मॅकऑलिफच्या फटक्यावर डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद, आणि टायगर्स ८-५ ने हरले. बॉस्टन ९२ विजय, डेट्रॉइट आणि मिनेसोटा ९१, शिकागो ८९.

यास्त्रेम्स्कीबद्दल तुम्ही मला हात आखडता घ्यायला लावलात, त्याबद्दलही आभार. बॅटिंगची सरासरी .३२६, ४४ होम रन, १२१ आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे संघाला मिळालेल्या धावा): तिन्हींत लीगमध्ये अव्वल, होम रनमध्ये किलब्रूसोबत. असा तिहेरी मान त्यानंतर थेट २०१२ मध्ये मिगेल काब्रेराला मिळाला. शेवटच्या दोन सामन्यांत आठ वेळा बॅटिंग, सात हिट. हे आकडे कुणीही देतं. तुम्ही मला रविवारची आठवी इनिंग दाखवलीत. ट्विन्सच्या बॉब ॲलिसनने डावीकडे चेंडू मारला आणि दुसऱ्या बेसकडे धाव घेतली. यास्त्रेम्स्कीने चेंडू उचलून थेट दुसऱ्या बेसवर फेकला आणि ट्विन्सचा उठाव तिथेच संपला. बॅटिंगच्या कुठल्याच रकान्यात हे दिसत नाही. लेखात त्या फेकीला मी अख्खा परिच्छेद दिलाय.

एमव्हीपी, म्हणजे लीगच्या सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या पुरस्कारासाठी वीसपैकी एकोणीस पहिली मतं यास्त्रेम्स्कीला गेली आणि एक ट्विन्सच्या सेझर तोवारला. त्या एका मताला लोक आजही नावं ठेवतात. पडेल त्या जागी, जवळजवळ रोज उभा राहणारा तोवारही तुम्ही मला नीट बघायला लावलात, हे तुमचं मोठेपण.

एक गोष्ट मात्र राहिलीच. यास्त्रेम्स्कीनंतर त्या वर्षीचा सर्वोत्तम कोण? तुम्ही म्हणता लॉनबर्ग: २२ विजय, २४६ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. मी किलब्रूवर ठाम आहे. लेखात मी दोघांनाही सारखीच जागा दिली आहे, तेव्हा वाद चालू ठेवायला हरकत नाही. अंक छापून आला की पहिली प्रत घेऊन येतो, वह्याही परत आणतो. वर्ल्ड सिरीजची वही तेवढी अजून माझ्याकडे राहू द्या. सेंट लुईस कार्डिनल्सचा पिचर बॉब गिब्सनने रेड सॉक्सला तीनदा कसं हरवलं ते मला अजून नीट बघायचंय.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
वह्या घेऊन गेलेला