मैनेच्या मानेला हात लावणाऱ्या काकांना

काका, मोबाईलवर लांबलचक वाचायचा तुम्हाला कंटाळा येतो हे माहितीय, म्हणून तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय की हे मोठ्यानं वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नको. समोर येऊन बोललो असतो तर तुम्ही "बास रे बास" म्हणून विषय बदलला असता. आणि इथं सगळ्यांसमोर लिहितोय कारण आमच्या मैना घोडीबद्दल खरूज-बिरूज म्हणून जे काय बोललं गेलं ना, ते पण सगळ्यांसमोरच बोललं गेलं होतं.

बाकीच्यांना माहिती नसेल म्हणून थोडं सांगतो. आम्ही मावळातले, घर डोंगराच्या पायथ्याला आणि चारी बाजूंनी भातखाचरं. वडलांना बैलगाडा शर्यतीचं वेड. आमच्या पुणे जिल्ह्यात बारीपुढं, म्हणजे पळणाऱ्या गाड्याच्या पुढं, घोडी पळवतात, बैलं तिच्या मागं सुटतात, त्यामुळं चांगली घोडी म्हणजे घरातलं माणूसच. मधली कित्येक वर्षं शर्यती बंद होत्या, 2021 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली आणि वडलांनी ठरवलं की आता घोडी घ्यायचीच. नंदुरबारकडच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून मैना आणली. अबलख, अंगानं सडपातळ, आणि आयाळ अशी की बाजारात पण लोक थांबून बघत होते.

पहिला पावसाळा नीट गेला. दुसऱ्या पावसाळ्यात शेपटीच्या मुळाशी खाज सुरू झाली, मग मानेवर, मग पोटाखाली मधल्या रेषेवर. रात्रभर गोठ्याच्या खांबाला घासायची, आम्हाला घरात आवाज यायचा. गणपतीपर्यंत आयाळ निम्मी गेली होती, मानेची कातडी जाड होऊन तिला घड्या पडलेल्या, घड्यांतून पाणी यायचं आणि त्यावर माशा. दिवाळीनंतर थंडी पडली तशी बरी झाली, आम्हाला वाटलं गेलं एकदाचं. पुढच्या पावसाळ्यात दुप्पट होऊन परत आलं.

आता जे मदतीला आले त्यांचं पण सांगतो. एकानं गाडीवरून न उतरताच "खरूज आहे, लांब बांधा" म्हणून सांगितलं आणि तेच गावभर झालं. दुसरे दर वेळी एक इंजेक्शन टोचून जायचे, त्यानं चार दिवस खाज थांबायची आणि पाचव्या दिवशी परत खांब. ते स्टिरॉइड होतं आणि ते असं सारखं दिलं तर खुरांना आतून सूज येऊन घोडं कायमचं लंगडू शकतं, हे आम्हाला कोणी सांगायची तसदी घेतली नाही. कोणी गाडीचं काळं ऑईल फासायला सांगितलं. कोणी नजर लागली म्हणाले. एक व्यापारी तर दारात येऊन भाव पाडून गेला, म्हणे रोगट जनावर ठेवून काय करताय. शेजारच्यांनी पोरांना आमच्या गोठ्याकडं फिरकायला बंदी केली, आणि मैना तर पोरांच्या आवाजानं कान टवकारणारी घोडी! शेवटी शेवटी तिला खाऊपिऊ घालायला माणूस जायचा तो पण बादली लांबून सरकवायचा. ही गोष्ट मला अजून सहन होत नाही.

तुम्ही आलात ते माझ्या मामाच्या ओळखीनं. पुण्यात रेसच्या तबेल्यात आयुष्य काढलेला माणूस एवढंच मला माहीत होतं. एसटीनं आलात, पाणी प्यायलात आणि थेट गोठ्यात. मी आपला सवयीनं म्हणालो की काका हात लावू नका, ग्लोव्हज आणून देतो. तुम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आधी तिला तुमचा हात हुंगू दिलात. मग मानेच्या मुळाशी, जिथं कातडी धड होती तिथं, उघड्या बोटांनी हळूहळू खाजवायला लागलात. मैनेनं मान लांब केली, वरचा ओठ पुढं काढून थरथरवायला लागली, डोळे अर्धे मिटले, आणि मग तिनं तोंड वळवून तुमच्या खांद्यावरचा शर्ट दातांनी हळूहळू कुरतडायला सुरुवात केली. मी घाबरून दावं ओढायला गेलो तर तुम्ही म्हणालात, "राहू दे, घोडी एकमेकांची पाठ अशीच खाजवतात. मी तिचं केलं, ती माझं करतीय." शर्टाची शिवण उसवली तरी तुम्ही जागचे हलला नाहीत. माझी आई दारात उभी होती, ती रडायला लागली. इतके महिने त्या जनावराला कोणी धड हात लावला नव्हता हो.

काका, पुढं तुम्ही जे केलंत ते सगळं मोलाचं आहेच, पण माझ्यासाठी मैना त्याच क्षणाला निम्मी बरी झाली.

मग तुम्ही म्हणालात, आता दिवस मावळेपर्यंत मी इथंच. सूर्य डोंगराआड गेला, वारा पडला, आणि तुम्ही बाही वर करून हात तिच्या पोटाजवळ धरून उभे राहिलात. थोड्या वेळानं मला मोबाईलची बॅटरी लावायला सांगितलीत. तुमच्या मनगटावर खसखशीच्या दाण्याएवढी चिलटं बसली होती, आणि तसलीच मैनेच्या पोटाखाली, आयाळीत. "ही बघ तुझी खरूज," एवढंच बोललात. आम्ही एवढे दिवस गोमाश्या हाकलत होतो, ही चिलटं कोणाच्या नजरेतच आली नव्हती.

नंतर मी यावर बरंच वाचलं. या चिलटांची मादी अंडी घालायला रक्त पिते, तिच्या लाळेची काही घोड्यांना ॲलर्जी असते, आणि सगळी खाज त्या ॲलर्जीची. एका घोड्याचं दुसऱ्याला लागत नाही, माणसाला तर नाहीच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये 1950 च्या दशकातच हे सिद्ध करून झालंय, इंग्लंडमध्ये याला स्वीट इच म्हणतात आणि तिथं घोडी पाळणाऱ्या घराघरात हे माहीत असतं. आइसलँडमध्ये ही चिलटं पूर्वी नव्हतीच, तिथं जन्मलेली घोडी युरोपात नेली की त्यातल्या कितीतरी घोड्यांना हा त्रास सुरू होतो, बऱ्याचदा लगेच नाही, एखाददुसरा हंगाम गेल्यावर. हे वाचलं तेव्हा मला आमची मैना दिसली, कोरड्या मुलखातून उचलून आम्ही तिला भाताच्या चिखलात आणून बांधली होती.

बाकी तुम्ही काय काय करायला लावलंत ते सगळं लिहीत बसत नाही. कोणाला पाहिजे असेल तर मला फोन करा, पण आधी घोड्यांची माहिती असलेल्या डॉक्टरला जनावर दाखवा, कारण खरूजही असू शकते आणि ती तपासूनच कळते, आमच्या मैनेची पण कातडी खरवडून तपासणी काकांनी नंतर करून घ्यायलाच लावली. एवढंच सांगतो की गोठ्यात लावलेल्या दोन पंख्यांनी जे काम केलं ते त्या इंजेक्शनांनी केलं नाही, कारण वाऱ्यात या चिलटांना उडता येत नाही. उन्हं कलायच्या आत घोडी आत घ्यायची आणि सकाळी चांगलं उजाडल्यावर बाहेर काढायची. गोठ्यामागचा लिदीचा ढीग आणि तिथं झिरपणारं पाणी तुम्ही स्वतः फावडं घेऊन हलवायला लागलात, तुमच्या वयाला! आणि झूल. मी मच्छरदाणी कापून शिवूया म्हणालो तर तुम्ही जाळी डोळ्याजवळ धरून दाखवलंत की यातून चिलट आरामात जातं. मग आईनं बारीक विणीचं पातळ कापड आणून मान, पोट, शेपटीचं मूळ सगळं झाकेल अशी झूल शिवली, तुम्ही पोटाखालचं माप दोनदा घेतलंत, कुठं काचायला नको म्हणून.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचा आदर वाटतो. तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत. हे जन्मभर राहणार, दर पावसाळ्यात जपावं लागणार, आणि हे रक्तातून पुढं जाऊ शकतं म्हणून तिचं शिंगरू घ्यायच्या आधी दहा वेळा विचार करा, हे वडलांच्या तोंडावर सांगितलंत. वडलांना वाईट वाटलं पण ते म्हणाले, पहिला माणूस भेटला जो पैसे न मागता खरं बोलला. मला तर वाटतं माणूस किती शिकलाय यापेक्षा तो जनावरापाशी किती वेळ थांबतो ते बघावं. ज्यांनी आमच्या दारातून नाक दाबून पळ काढला त्यांच्याकडं डिग्र्या होत्या, गाड्या होत्या, फक्त संध्याकाळपर्यंत थांबायला वेळ नव्हता. अशी न बोलता, न मिरवता थांबणारी माणसं गावोगाव आहेत, त्यांचे कधी फ्लेक्स लागत नाहीत.

आता मैनेचं सांगतो. यंदाचा पावसाळा पार पडला. थोडीफार खाज आली, नाही असं नाही, पण जखम एकही नाही. आयाळ बोटभर वाढलीय आणि ताठ उभी राहतीय. शेजारची पोरं परत यायला लागलीत, त्यातली धाकटी तर रोज तिच्या मानेला खाजवून जाते आणि मैना तिची वेणी ओढते.

एसटीचं भाडंसुद्धा तुम्ही घेतलं नाहीत, वडलांना ते फार लागलंय. तेव्हा नवीन इंद्रायणीचं पोतं तुमच्याकडं धाडतोय, ते मुकाट्यानं ठेवून घ्यायचं. आणि आमच्या यात्रेला यायचंय, आईनं तुमच्या मापाचा शर्ट शिवून ठेवलाय, खांद्याला डबल शिवण घालून.