काकू, तुमच्या कॅलेंडरातलं आमचं दूध

कोल्हापूर, फेब्रुवारी २०२५

ती. काकूंना साष्टांग नमस्कार.

तुमच्या आणि आमच्या दारात सहा पावलांचं अंतर. तरीही हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण समोर आले की तुम्ही "असू दे गं, चहा घे" म्हणता आणि बोलणं तिथंच संपतं. या खेपेला मला ते संपवायचं नाही. शिवाय ज्यांची रोजनिशी माझ्यासारखी मध्येच थांबली असेल, त्यांच्याही हे उपयोगी पडेल असं वाटतं.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून, म्हणजे १९९६ पासून, मी रोज रात्री अर्धं पान लिहीत आले. त्यात वाङ्मय काही नाही. भाजी काय केली, कोण आलं, पोरांच्या परीक्षा, पाऊस पडला का, मंडईत वांगी काय भावानं मिळाली. अठ्ठावीस वर्षांत एखादा आठवडा चुकला असेल, पण तो मी भरून काढायचे. १२ मार्च २०२४ च्या पानावर मात्र एवढंच आहे : "सकाळी आई न्हाणीत घसरल्या. दवाखान्यात नेतोय. बाकी उद्या."

तो उद्या आलाच नाही. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, खुब्याचं ऑपरेशन, अकरा दिवस दवाखाना, घरी आणल्यावर कुशी बदलणं, औषधांच्या वेळा, रात्रीची जागरणं. रोज वाटायचं, आज दोन ओळी तरी खरडू. पण चार दिवस राहिले की त्या चारांचं ओझं पाचव्या दिवशी हात उचलू देत नाही. मग महिना गेला, दोन गेले. १४ नोव्हेंबरला आई गेल्या. त्यानंतर लिहायला वेळ होता, पण वही उघडायची छाती होत नव्हती. शेवटचे आठ महिने आई माझ्या हातात होत्या, आणि माझ्याकडे त्यातला एकही दिवस लिहिलेला नव्हता.

संक्रांतीला आमच्याकडे सण नव्हता, म्हणून तुम्हीच तिळगूळ घेऊन आलात. टेबलावर नवी कोरी डायरी होती, तिच्यावर जुनी. तुम्ही जुनी उघडलीत, मार्चचं पान वाचलंत आणि विचारलंत, "पुढचं कुठाय?" मी म्हटलं, काकू, तारखाच आठवत नाहीत. सगळं एकात एक मिसळलंय. तुम्ही काही न बोलता उठलात आणि कपाटामागून सुतळी बांधलेली गुंडाळी घेऊन आलात. २०२४ चं कालनिर्णय.

"तारखा कशाला आठवतीस? दूध बघ."

आई पडल्यापासून आमचा रतीब तुमच्या दारात येत होता. गवळी पहाटे यायचा, आमच्या घरात कोण जागं, कोण दवाखान्यात, कशाचा मेळ नसायचा. म्हणून आमची किटली तुम्ही ठेवून घेतलीत आणि हिशेबही तुमच्याच कॅलेंडरावर चढला. महिन्याच्या शेवटी तुम्ही आकडा सांगायचा, मी पैसे द्यायचे. त्या चौकोनांकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीनं दोन आकडे, वर तुमचं दूध, खाली आमचं, तेही जुन्या पद्धतीनं मांडलेलं : अर्ध्याला ०॥, दीडला १॥. काका गुळाच्या अडतीत दिवाणजी होते, त्यांच्याकडून तो हात तुम्हाला आलेला. १३ ते २३ मार्च आमच्या जागी नुसती शून्यं. २४ ला १॥. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत, "ही बघ, आणली त्यांना घरी. माणसं आली होती बघायला, चहा झाला." आणि मला तो दिवस दिसला. आईंना खुर्चीत बसवून जिन्यातून वर आणलं तेव्हा मधल्या वळणावर दम खायला थांबलो होतो आणि आई म्हणाल्या होत्या, "मला काय वरातीला नेताय का रे?"

दहा महिन्यांत ते वाक्य मला एकदाही आठवलं नव्हतं. एका दीड लिटरनं आणून दिलं.

त्यानंतर रोज दुपारी तीन ते साडेचार आपण बसलो. किती दुपारी, तेही मी आता लिहून ठेवलंय : सतरा. तुम्ही सुरुवातीलाच काकांचा नियम सांगितलात. आधी कीर्द, मग खतावणी. म्हणजे आधी तारीखवार एकेक ओळ, जे घडलं तेवढंच. आईंचं दुखणं, पोराची नोकरी, ह्यांची रजा, असले मोठे विषय मागाहून, वेगळ्या पानांवर. मी उलटंच करत होते. मार्चच्या पहिल्याच पानावर मी लिहायला घेतलं होतं की न्हाणीतली फरशी निसरडी झालीय हे मला ठाऊक होतं, मी ती वेळेवर घासून घेतली असती तर… तुम्ही पेन हातातून घेतलंत. "हे तुला तेव्हा वाटलं का आत्ता वाटतंय?" आत्ता, म्हटलं. "मग ते आजच्या पानावर लिही."

त्या दिवशी रात्री मी नव्या डायरीत पहिलं पान लिहिलं. तेच, फरशीचं. जानेवारीच्या तारखेखाली. मार्चचं पान मोकळं झालं आणि त्यावर मार्चपुरतंच राहिलं.

दुसरं म्हणजे, खाडाखोड करायची नाही, आणि मागाहून लिहिलेली ओळ त्याच दिवशी लिहिल्यासारखी दाखवायची नाही. अडतीच्या वहीत नोंद राहून गेली की काका ती मधल्या रेघेत घुसडत नसत. सापडली त्या दिवशी लिहायचे आणि मूळ तारीख शेजारी टाकायचे. म्हणून माझ्या डायरीत आता प्रत्येक भरलेल्या ओळीखाली बारीक अक्षरात आहे, "लिहिलं १९ जाने.", "लिहिलं २ फेब्रु." सुरुवातीला मला ते पानाला लागलेल्या डागासारखं वाटलं होतं. आता त्या बारीक तारखा वाचल्या की तुमच्या घरातली दुपार आठवते.

आणि आठवत नसेल ते कोरं सोडायचं. यावर तुम्ही हटून बसलात. मला वाटायचं, एप्रिलमधल्या दिवसात काय वेगळं असणार, "आईंना न्हाऊ घातलं, मऊ भात भरवला" असं लिहिलं तरी खोटं नाही. तुम्ही म्हणालात, "खोटं नाही, पण तुला माहीतही नाही." १३ मार्च ते ३१ डिसेंबर, २९४ दिवस. त्यातले २३१ सापडले. ६३ पानं कोरी आहेत.

जिथं दूध एकसारखंच होतं, रोज १, तिथं दुसऱ्या वाटा काढल्या. पासबुकातल्या नोंदी, गॅस बुक केल्याचे मेसेज, फोनमधले फोटो. औषधांच्या दुकानाची बिलं मी डबाभर जपली होती, पण डबा ओट्यावर, शेगडीच्या वरच्या फळीत. मशीनमधून येतो तो गुळगुळीत कागद उष्णतेनं आधी काळवंडतो नाहीतर अक्षरं उडतात. निम्मी बिलं पांढरीफटक निघाली. हे वाचणाऱ्यांना सांगून ठेवते : असली बिलं आणि एसटीची तिकिटं ठेवायची असतील तर लगेच फोटो काढा, नाहीतर मागच्या बाजूला पेनानं तारीख आणि रक्कम लिहा.

फोटोंचंही तसंच. आई पहिल्यांदा आपल्या आपण कॉटवर उठून बसल्या तो फोटो माझ्याकडे २ जूनच्या तारखेचा होता. मी तसं लिहिणारच होते. तुम्ही चष्मा वर करून फोन डोळ्यांजवळ धरलात आणि म्हणालात, "अगं, आईंच्या पाठीशी तुझा हात आहे बघ. बोटाला शाई आहे." आपल्याकडे लोकसभेचं मतदान मंगळवारी ७ मे रोजी झालं. फोटो नणंदेनं काढलेला, तिनं मला व्हॉट्सॲपवर पाठवला २ जूनला, आणि फोननं तीच तारीख लावून टाकली. महिनाभर शाई राहते खरी नखाच्या कडेला, पण यातली बोटावरची रेघ अजून काळीभोर, ओली असल्यासारखी होती. नणंदेला फोन केला, तिच्या फोनवर मूळ फोटो होता. ७ मे, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. आई मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच उठून बसल्या होत्या, आणि मी त्यांना जूनपर्यंत झोपवून ठेवणार होते.

जुलैचा शेवटचा आठवडा सोपा होता. आमच्या चौकोनात आणि तुमच्याही चौकोनात एकच शब्द, "पाणी". पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, रस्ते बंद झाले, पलीकडच्या गावातला आपला गवळी तिकडेच अडकला. आईंना दूधपावडरीचा चहा आवडेना. ताजं दूध कुठून मिळवायचं यावरून मी आणि हे भांडलो होतो. तेही लिहिलंय.

पण ज्या एका दिवसासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन, तो ९ ऑगस्ट.

मला एवढंच आठवत होतं की पावसाळ्यात कधीतरी आई एकदा खूप बोलल्या होत्या. एरवी तोपर्यंत त्या दोन-चार शब्दांवर आल्या होत्या. कधी, का, काहीच आठवत नव्हतं. मी ते जुलैत टाकलं होतं. ऑगस्टच्या पानावर तुम्ही आमच्या १॥ वर थांबलात. शुक्रवार, नागपंचमी. "दिंडं केलीस ना तू? त्यावर घ्यायला दूध जास्त घेतलं होतंस." आणि मग सगळं ओळीनं आलं. आदल्या रात्री, ८ ऑगस्टला, केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली होती. संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांच्या काळातलं ते थिएटर जळताना सगळं कोल्हापूर रडलं. सकाळी टीव्हीवर काळवंडलेल्या भिंती दिसत होत्या. मी बंद करायला गेले तर आईंनी हात धरला, म्हणाल्या, राहू दे. आणि बोलायला लागल्या. लग्न होऊन आल्यावर मामंजींनी त्यांना पहिल्यांदा नाटकाला तिथंच नेलं होतं. हिरवं इरकल नेसल्या होत्या. मध्यंतरात मामंजींनी भजी आणली, तेलकट हात पदराला पुसला म्हणून त्यांच्या सासूबाई दुसऱ्या दिवशी बोलल्या. नाटकातलं एक पद त्यांनी अर्धं गुणगुणलं. मी वाटीत दिंड कुस्करून वर तूप-दूध घालून भरवत होते, आणि त्या दोन घासांच्या मध्ये बोलत होत्या. पाऊण तास तरी.

काकू, त्या दिवशी दुपारी आपण पुढं काही लिहिलं नाही. तुम्हीही डोळे पुसलेत. ९ ऑगस्टचं पान माझ्या डायरीत आता सगळ्यांत मोठं आहे, चार पानं जोडलीत त्याला. इथं तुम्हीच नियम मोडलात, "लिही गं सगळं, हे तुला खरंच आठवतंय," म्हणालात.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

नोव्हेंबरचं पान आपण शेवटी ठेवलं होतं. तुमच्याकडे पाहुणे आले म्हणून तुम्ही म्हणालात, कॅलेंडर घरी ने, सावकाश बघ. रात्री एकटीनं उघडलं. १४ तारखेला आमच्या जागी ०. पुढं बारा दिवस ०. आमच्या घरात चूल नव्हती, गवळ्याला नाही सांगितलं होतं. मी आमच्याच आकड्यांवरून बोट फिरवत होते. वरच्या ओळीकडे, तुमच्या दुधाकडे, सतरा दुपारी मी कधी पाहिलंच नव्हतं. वर्षभर ०॥, ०॥, ०॥. दोन माणसांचं घर, काका गेल्यापासून तुम्ही आणि तुमची नात. आणि १४ नोव्हेंबरपासून ३. मग २॥. २. परत २॥. दहाव्याला ३. तेराव्यापर्यंत मी बेरीज केली : साडेएकोणतीस लिटर. एरवी तुम्हाला साडेसहा लागलं असतं.

ते तेरा दिवस आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात चहा होता. थर्मास भरलेला असायचा, रिकामा झाला की परत भरलेला असायचा. कुठून येतो, कोण करतं, हे मी विचारलं नाही. मला वाटतं मी तो पाहिलाही नाही. गवळ्याचे डिसेंबरात पैसे दिले तेव्हा तुम्ही आमचा नोव्हेंबरचा आकडा सांगितलात, तेरा लिटर, पहिल्या तेरा दिवसांचे, आणि २७ पासूनचे चार. वरच्या ओळीतला एक थेंब तुम्ही खाली उतरवला नाहीत.

पैसे द्यायला आले तर तुम्ही दार लावून घ्याल, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी तसं काही करणार नाही. कॅलेंडर उद्या आणून देते, सुतळी बांधून, होतं तसं. पण माझ्या डायरीत नोव्हेंबरच्या त्या तेरा पानांवर, आईंच्या ओळीखाली, आणखी एकेक ओळ चढवलीय. पहिली अशी :

"१४ नोव्हें. काकूंकडे आज तीन लिटर. सगळं आमच्या चहाला. (लिहिलं ११ फेब्रु.)"

तुमची,
समोरच्या दारातली सून