कोथरूडचा फ्लॅट कुणामार्फत विकायचा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

फ्लॅट पोर्टलवर, म्हणजे घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर, टाकून स्वतः विकावा की एजंटकडे द्यावा, हे तू विचारलं आहेस. दलाली वाचते हा तुझा मुद्दा खरा आहे. पण गिऱ्हाईक मिळणं हा या कामातला सोपा भाग आहे. मिळालेलं गिऱ्हाईक दुय्यम निबंधकाच्या कार्यालयापर्यंत, म्हणजे दस्त नोंदवेपर्यंत, टिकवणं अवघड. पोर्टल फक्त पहिलं काम करतं. दुसरं तुला करावं लागेल, नाहीतर एजंटाला.

आधी पैशांचं. पुण्यात रिसेलच्या व्यवहारात एजंट साधारण १ ते २ टक्के घेतो, आणि बहुतेक वेळा विकणारा व घेणारा अशा दोघांकडूनही. फ्लॅट १ कोटीला गेला तर १ टक्क्याने १ लाख. तो जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्के, म्हणजे १ लाख १८ हजार. हे ऐकून पोर्टल स्वस्त वाटतं, आणि आहेच.

मात्र एजंटाचा हिशोब ओळखून राहा. त्याने घासाघीस करून तुला २ लाख जास्त मिळवून दिले तर त्याला तुझ्याकडून २ हजार जास्त मिळतात. तेवढ्यासाठी तो महिनाभर थांबणार नाही. ‘ताई, मार्केट बसलंय, आलेलं गिऱ्हाईक सोडू नका’ हे तुला ऐकावं लागणारच. म्हणून भाव त्याच्यावर सोडायचा नाही.

पोर्टलवर दिसतात ते मागितलेले भाव, मिळालेले नव्हेत. मिळालेले भाव नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ‘ई-सर्च’वर सापडतात. जिल्हा, गाव, सर्व्हे नंबर आणि वर्ष टाकलं की नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २ उघडते. तीत क्षेत्रफळ आणि मोबदला दोन्ही असतात. आपल्या सर्व्हे नंबरमधले गेल्या दोन वर्षांचे दस्त काढ. दर काढताना कार्पेट क्षेत्रच धर, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. जुन्या करारांत बहुधा भिंतींसकटचं बिल्टअप लिहिलेलं असतं आणि एजंट बोलताना त्याहून मोठा आकडा सांगतो. तीन वेगळ्या क्षेत्रफळांवर तीन वेगळे दर निघतात आणि माणूस फसतो. सरकारच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यातला (रेडी रेकनर) आपल्या विभागाचा दरही टिपून ठेव. सौदा त्याखाली गेला तरी मुद्रांक शुल्क तक्त्याप्रमाणेच भरावं लागतं, आणि घेणारा तिथेच अडून बसतो.

आता माझं मत. तू पुण्यात असतीस आणि कर्ज फिटलेलं असतं, तर मी पोर्टलच म्हटलं असतं. तू बंगळुरूत आहेस, मी रत्नागिरीत, आणि फ्लॅटवर कर्ज आहे. त्यामुळे एजंट घे.

कारण कर्जाचं. मूळ कागद तुझ्या बँकेत. घेणाऱ्याची बँक आधी तुझं कर्ज फेडणार, मग तुझी बँक कागद सोडणार. मधल्या दिवसांत एका बँकेचे पैसे गेलेले असतात आणि कागद कुणाच्याच हातात नसतात. फेडीनंतर ३० दिवसांत कागद परत दिलेच पाहिजेत आणि चूक बँकेची असेल तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तरी घेणारा घाबरतोच, आणि व्यवहार इथेच मोडतात. कर्जाच्या बाकी रकमेचं पत्र, बँकेकडे असलेल्या कागदांची यादी, सोसायटीचं ना-हरकत पत्र, मूल्यांकनाला येणाऱ्या माणसासाठी चावी, या सगळ्यामागे कुणीतरी पुण्यात पळायला हवं. तुझा १ टक्का त्या पळापळीसाठी आहे. जाहिरात तर एजंटही पोर्टलवरच टाकतो.

एजंट निवडताना कोथरूडमध्येच काम करणारे तिघे बघ. प्रत्येकाला विचार की गेल्या सहा महिन्यांत आसपास नोंदणीपर्यंत गेलेले तुमचे व्यवहार कोणते, आणि त्यांत कर्ज बाकी असलेला एखादा होता का. महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी क्रमांक माग. आपल्यासारख्या जुन्या सोसायटीतल्या रिसेलला कायद्याने तो लागत नाही, तरी माग. महारेराने नोंदणीसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे, त्यामुळे निदान नियम ठाऊक असलेला माणूस मिळतो. आपल्या गल्लीत पुनर्विकासाच्या चर्चा चालू आहेत, त्याबद्दल तो काय सांगतो ते नीट ऐक. ‘लवकरच होणार’ म्हणून विकणारा पुढे तुलाच तोंडघशी पाडेल.

काम एकालाच दे, ६० दिवसांसाठी, लेखी. पाच जणांना दिलंस की एकच फ्लॅट पाच भावांनी पोर्टलवर झळकतो, बघणाऱ्याला मालक अडचणीत आहे असं वाटतं आणि बोली खालून सुरू होते. कागदात दलालीचा दर, जीएसटी धरून की सोडून, आणि पैसे कधी, हे तिन्ही हवं. पैसे करार नोंदवल्याच्या दिवशी, टोकनच्या, म्हणजे सौद्याच्या आगाऊ रकमेच्या, दिवशी नाही. टोकनवर दलाली दिलीस तर पुढच्या पळापळीत त्याला रस उरत नाही. ‘तुम्हाला हातात ९५ लाख देतो, वरचे माझे’ अशी नेटची बोलणी कुणी केली तर तिथेच थांबव. घेणाऱ्याकडून किती घेतले ते तुला कधीच कळणार नाही. मुखत्यारपत्र एजंटाच्या नावे मुळीच करायचं नाही. नोंदणीला तू स्वतः ये, एका दिवसाची रजा पुरते.

६० दिवसांत काही झालं नाही तर पोर्टल वापर. तेव्हा जाहिरातीसाठी वेगळं सिम घे, कारण पहिल्या दिवशी येणारे बरेच फोन एजंटांचेच असतात. फोटो सकाळच्या उजेडात काढलेले दहा-बारा, त्यांत स्वयंपाकघराचा ओटा आणि संडास-बाथरूमही. जे दाखवलेलं नसतं ते वाईट आहे असंच लोक धरतात. मजला, लिफ्ट, पाणी, महिन्याचा मेंटेनन्स आणि पार्किंगचं सोसायटीचं पत्र आहे की नाही, हे स्पष्ट लिही. फोनवर पहिला प्रश्न: कर्ज मंजूर आहे का, आणि स्वतःचे किती घालणार? न बघताच टोकन पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा, असं कुणी म्हटलं तर फोन ठेव. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही.

टोकन कुठल्याही मार्गाने येवो, चेकने किंवा बँकेतूनच घे आणि लगेच विसार पावती (आगाऊ रकमेची लेखी पावती) कर. २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतलीस तर तेवढाच दंड बसू शकतो. किंमत ५० लाख किंवा वर असल्याने घेणारा तुझ्या आयकरापोटी १ टक्का टीडीएस कापेल. ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्रात वळते होतात. सोसायटीने हस्तांतरणासाठी २५ हजारांच्या वर प्रीमियम मागितला तर देऊ नकोस, महापालिका हद्दीत तीच कमाल मर्यादा आहे.

या आठवड्यात बँकेकडून कागदांची यादी मागव. भागदाखला (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट) आणि भोगवटा पत्राची (ऑक्युपन्सी सर्टिफिकेट) प्रत माझ्याकडच्या निळ्या फायलीत आहे. दोन्ही स्कॅन करून रविवारी पाठवतो.

तुझे
बाबा