यकृतातल्या गाठी : आधी तुकडा, मग औषध

महोदय,

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘यकृत व प्लीहेत अनेक बारीक गाठी’ अशी ओळ आली, की आपल्याकडे घरच्यांच्या डोक्यात कॅन्सर येतो आणि चिठ्ठीवर टीबीच्या गोळ्या. सारकॉइडोसिस (अवयवांत सूजेच्या बारीक गाठी करणारा, कॅन्सर वा जंतुसंसर्ग नसलेला आजार) फारसा कोणाला आठवत नाही. हा आजार मुख्यतः फुप्फुसांचा. पण बायोप्सी केली, म्हणजे तुकडा काढून तपासला, तर निम्म्याहून अधिक रुग्णांच्या यकृतातही ग्रॅन्युलोमा (सूजेच्या पेशींचे सूक्ष्म पुंजके) सापडतात, बहुतेकांना त्रास काहीच नसतो. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज हे यकृताचं एन्झाइम वाढलेलं आणि बिलिरुबिन जवळपास नॉर्मल असेल, तर छातीचा सीटी जरूर बघावा. दोन्ही बाजूंच्या हायलर (फुप्फुसांच्या मुळाशी असलेल्या) ग्रंथी सारख्याच वाढलेल्या दिसल्या तर संशय बळावतो.

पोटाच्या सीटीत या गाठी काळसर दिसतात आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध) कमी घेतात. खरा उपयोग एमआरआयचा. टी-टू या प्रकारच्या चित्रात कॅन्सरच्या पसरलेल्या गाठी आणि पू बहुधा उजळ दिसतात, सारकॉइडच्या गाठी बहुधा काळ्या. नागपुरात मेख इथेच आहे. विदर्भात सिकलसेलचे (लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण पुष्कळ, आणि त्यांच्या प्लीहेत लोह साचून झालेले ठिपकेही टी-टूवर काळेच! ग्रेडियंट-एको हे लोह टिपणारं एमआरआय चित्र काढलं तर लोहाचे ठिपके आणखी गडद आणि मोठे होतात, सारकॉइडचे तसे होत नाहीत. म्हणून एमआरआयच्या फॉर्मवर सिकलसेलचा निकाल लिहायलाच हवा. प्रत्यक्षात तिथे ‘पोटदुखी’ एवढंच असतं.

पित्तनलिकांसाठी एमआरसीपी, म्हणजे त्यांचा खास एमआरआय. त्याआधी ४ ते ६ तास उपाशी राहायचं, दुधाचा चहासुद्धा नाही. नाहीतर पित्ताशय आकसतं आणि जठरातलं पाणी चमकून नलिका झाकोळतात. यकृताच्या मुखाशी वाढलेल्या ग्रंथींनी नलिका बाहेरून दाबली असेल तर अरुंद भाग बहुधा गुळगुळीत दिसतो. रोग नलिकेच्या भिंतीतच असेल तर ती मण्यांच्या माळेसारखी दिसू शकते, आणि मग स्क्लेरोझिंग कोलँजायटिस (नलिका सुजून अरुंद होण्याचा आजार) की सारकॉइड, हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. आणखी एक फसगत : यकृताची धमनी नलिका ओलांडून जाते तिथे तिच्या ठोक्यांमुळे नसलेला अडथळा दिसतो. रिपोर्ट देताना जोडलेल्या त्रिमितीय चित्रावर विसंबू नये, मूळ पातळ काप पाहावेत. बारीक नलिकांचा रोग एमआरसीपीत दिसतच नाही. पेट स्कॅनमध्ये सारकॉइड, टीबी, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) सगळेच उजळतात. तुकड्यासाठी सुई कुठे घालायची एवढं मात्र त्यातून कळतं.

शेवटी तुकडा काढावाच लागतो. आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) १.५ च्या आत, प्लेटलेट ५०,००० च्या वर, सोनोग्राफीखाली १६ किंवा १८ गेजची सुई. तुकडे दोन बाटल्यांत हवेत : एक फॉर्मलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये. घाईत सगळं फॉर्मलिनमध्ये पडलं की टीबीचं कल्चर कायमचं हातचं जातं. मग अंदाजाने गोळ्या सुरू होतात. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड तिन्ही यकृताला बाधू शकतात. एन्झाइम वाढले तर रोगामुळे की औषधामुळे, हा नवाच घोळ. उलट टीबी असताना सारकॉइड समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी भडकतो.

गडचिरोली-गोंदियाहून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत येणाऱ्यांनी फिल्मसोबत सीडीही मागून आणावी. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सगळे काप सीडीत. जुना सीटी असेल तर तोही आणावा. गाठी वाढल्या की तेवढ्याच आहेत, हे दोन्ही तपासण्या शेजारी लावल्याशिवाय कळत नाही.

— रेडिओलॉजी व पोटविकार क्षेत्रातील काही डॉक्टर, नागपूर