इथे सगळेच जेन्नारो

प्रिय आई,

परवा तू विचारलंस ना की कुणाचाही विषय काढला की जेन्नारोच कसा गं निघतो, गावात दुसरी नावं नाहीत का, ते फोनवर राहूनच गेलं म्हणून लिहितेय. खरंच सांगते, नेपल्सच्या कुठल्याही गल्लीत जोरात "जेन्ना!" ओरडलं तर निदान दोघंतिघं वळून बघतील. पूर्ण नाव घेतंय कोण इथे, शेवटचा रो खाऊनच टाकतात.

अर्थ म्हणशील तर साधा आहे. मूळ लॅटिन यानुआरियुस, म्हणजे जानेवारीतला. आणि तो महिना यानुस देवाचा, दोन तोंडांचा रोमन देव, एक मागे बघतो एक पुढे, दारांचा आणि सुरुवातीचा देव. इटालियनमध्ये जानेवारीला अजून जेन्नायोच म्हणतात. पण आमच्या खालच्या बेकरीवाल्याला हे सगळं सांगितलं तर म्हणे जानेवारी कसला, मी तर जुलैतला, आजोबांचं नाव आहे ते! म्हणजे थोरल्या नातवाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायची पद्धत आहे इकडे, मग एका आजोबांना चार मुलगे असले की चारही घरांत थोरला जेन्नारोच, झाला ना घोळ.

आणि सगळ्यांच्या मुळाशी सान जेन्नारो, म्हणजे संत जेन्नारो, शहराचा राखणदार. बेनेव्हेंतोचा बिशप होता, ३०५ साली रोमन सम्राट डायोक्लेशियनने केलेल्या ख्रिश्चनांच्या छळात इथून जवळच पोत्सुओलीला त्याचा शिरच्छेद केला असं सांगतात. त्याचं म्हणून वाळलेलं रक्त काचेच्या कुपीत कॅथेड्रलमध्ये ठेवलंय आणि वर्षातून तीनदा ते पातळ होतं का बघायला ही गर्दी, मे महिन्यात, १९ सप्टेंबरला त्याच्या सणाला, आणि १६ डिसेंबरला कारण १६३१ साली त्या दिवशी व्हेसुव्हियस ज्वालामुखी पेटला होता आणि लोकांच्या मते यानेच लाव्हा थोपवला. पातळ झालं की पांढरा रुमाल हलवतात. १९९१ मध्ये काही रसायनशास्त्रज्ञांनी तसंच जेल करून दाखवलं, हलवलं की पातळ होणारं, पण इथे कोण ऐकतंय, चर्चसुद्धा अधिकृतपणे चमत्कार म्हणत नाही तरी!

मला आवडतात त्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या. त्यांना सान जेन्नारोच्या नातेवाईकच म्हणतात. रक्ताला उशीर झाला की त्या संताला चक्क पिवळ्या तोंडाच्या म्हणून झापतात, कारण त्याचा १३०५ सालचा चांदीचा अर्धपुतळा सोन्याच्या मुलाम्याचा आहे. जनाबाई विठोबाशी भांडायची ना, अगदी तसं! २०२० च्या डिसेंबरात पातळ झालंच नाही, त्याबद्दल अजून बोलतात.

दादाला सांग, २००६ चा फुटबॉल वर्ल्ड कप जिंकलेला त्याचा तो दाढीवाला गत्तूसो पण जेन्नारोच, पण सगळे रिनो म्हणतात, त्यामुळे कळत नाही.

तुम्ही यायचं ठरवताय तर सप्टेंबरचंच बघा, १९ तारीख धरून, बाबांच्या गुडघ्यांना पण तेव्हा थंडीचा त्रास नाही. फक्त सकाळी लवकर जाऊन उभं राहावं लागेल.

तुझी,
छोटी