फोटो एडिटिंगचे, वेबचे नवे धडे मराठीत हवेत

महोदय,

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या स्टुडिओत मुलं विचारायला येतात, ‘फोटो एडिटिंग आणि वेबसाइटचा क्लास कुठं लावू?’ पैसे भरण्याआधी मी त्यांना आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे व्हिडिओ धडे लावून देतो. फोटो एडिटिंगचं गिम्प हे सॉफ्टवेअर आणि वेबसाइटसाठीची पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा, दोन्ही तिथे मराठीतून फुकट शिकता येतं. साधारण दहा मिनिटांचा धडा. पडद्यावरचे मेनू इंग्रजीतच, बोलणं मराठीत. हे योग्यच आहे, कारण कामाला बसल्यावर समोर तेच मेनू असतात.

मात्र नुसतं बघून हात बसत नाही. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर गिम्प, आणि दर पायरीला थांबायचं. फोटोही घरातलाच घ्यावा. आजी-आजोबांच्या लग्नाचा डागाळलेला फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करायचा, लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, प्रत काढायची आणि डाग घालवणारं हीलिंग टूल त्या प्रतीवरच चालवायचं. प्रतीला मास्क, म्हणजे तिचा हवा तो भाग झाकायची सोय, लावला की काळ्या ब्रशने तिचा तेवढा भाग झाकला जातो, पांढऱ्याने परत दिसतो. खालचा मूळ फोटो शाबूत. मास्क एकदा कळला की पोरांची भीड चेपते, मग ती मनाने काहीतरी करून बघतात. खरं शिक्षण तिथून सुरू होतं.

वेबपेज शिकतानाही आपली भाषा हाताशी लागते. वेबपेज ज्यात लिहितात त्या एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये (खुणेत) भाषा म्हणून ‘mr’ लिहिलं, तर तशी सोय असलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. इंग्रजी धड्यांत हे सहसा सापडत नाही.

अडचण एकच, गिम्पचे ते धडे जुन्या आवृत्तीवरचे आहेत. २०२५ मध्ये ३.० आलं, त्यात मूळ चित्र न बदलता फिल्टर लावता येतात, काही मेनूही हलले. नवख्या मुलाला जुन्या धड्यातलं बटण सापडलं नाही की तो तिथंच सोडून देतो.

हे धडे क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या वापराच्या परवान्याचे आहेत. श्रेय देऊन, तोच परवाना ठेवून ते सुधारता येतात. रोज हेच काम करणाऱ्या फोटोग्राफर, डीटीपीवाल्यांनी आणि प्रोग्रामरांनी आपापल्या बोलीत नवे धडे रेकॉर्ड करावेत, आणि आपल्या दैनिकाने त्यांची माहिती दर आठवड्याला छापावी, ही विनंती. आमच्या स्टुडिओतला संगणक आणि माइक रविवारी दुपारी या कामासाठी मोकळा आहे.

– एक स्टुडिओचालक, बार्शी (जि. सोलापूर)